माळकऱ्याच्या घरात मासळीचा वास!

सांगू का? नको, राहू दे. कुणाच्या घरातलं आपल्या तोंडून बाहेर कशाला जायला हवं? बरं, तुम्ही एवढा आग्रह करताच आहात तर सांगते. पण माझं नाव मधे येता कामा नये.

नगरच्या सावेडीतली एक चार मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर पिढीजात माळकरी घर. वारी कधी चुकली नाही, चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याबाहेर. आजी तर अशा, की बाजारात सुकट-बोंबलाची पाटी दिसली की पदर नाकाला लावून रस्त्याची कडा बदलतात. तर ह्या घराच्या दारातून गेल्या श्रावणात, श्रावणात हं, मासळीचा वास यायला लागला!

जिन्यात काय चर्चा, काय चर्चा! तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "सून कोकणातली केली ना, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं." पहिल्या मजल्यावरचे भाऊजी म्हणाले, "सुनेला कशाला बोल लावता? मुलगाच चार वर्षं पुण्याला होता." तळमजल्यावरच्या काकूंच्या घरी दर रविवारी मटणाचा रस्सा असतो. धक्का सगळ्यांत जास्त त्यांनाच बसला. "आम्ही खातो ते उघड खातो बाई," म्हणाल्या. आठ दिवसांनी वासानं कूस बदलली. मासळीचा जाऊन सडक्या अंड्यांचा यायला लागला. झालं! "आधी बोंबील, आता अंडी. पुढच्या आठवड्यात काय, कोंबडी कापतील?"

शेवटी सत्यशोधनाची जबाबदारी मीच घेतली. वाटी घेऊन साखर मागायला गेले. खोटं कशाला बोलू, घरात पाच किलो साखर होती. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात कुणाच्या घरातली साखर संपते? पण दार उघडायला निमित्त लागतं. दार उघडलं आणि गुन्हेगार समोरच बसलेला. टीव्हीच्या शेजारी दोन फुटी काचेची टाकी. आत प्लास्टिकची हिरवीगार झाडं, झाकण उघडून बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा, निळा दिवा आणि ताकासारखं पाणी. मासे दिसत नव्हते. ते असावेत, असा अंदाज करावा लागत होता. काचेवर बोट फिरवलं तर बुळबुळीत. आजी अभिमानानं म्हणाल्या, "नातवानं आणलेत. विष्णूचा पहिला अवतार आहे, म्हणून मीही नाही म्हटलं नाही."

म्हणजे घरात मासे होते हे खरंच निघालं. फक्त कढईत नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, एका घरच्या टाकीवरून एवढा गहजब कशाला? अहो, एक घर असतं तर मी तोंड उघडलं असतं का? सगळं गाव ह्या नादाला लागलंय! नगरकराला पूर्वी 'टँक' म्हटलं की रणगाडा आठवायचा. 1994 पासून आपल्याकडे रणगाड्यांचं संग्रहालय आहे. पाहुणे आले की त्यांना तिथं नेऊन पोरांचे तोफेशेजारी फोटो काढणं हा आपला धर्म. उन्हाळा लागला की दुसरा शब्द आठवायचा, टँकर. तो पारनेर-पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवर वाट बघायला लावतो. आणि आता हा तिसरा, फिशटँक. दाताच्या दवाखान्यात फिशटँक, मोबाईलच्या दुकानात फिशटँक, सलूनमध्ये फिशटँक, हॉटेलात गल्ल्याशेजारी फिशटँक. 2024 साली नगरचं अहिल्यानगर झालं, दुकानांच्या पाट्या बदलल्या, पण टाक्यांतलं पाणी बदलायचं काही कुणी मनावर घेईना.

तसा हा शौक गावाला नवा नाही म्हणा. निजामशाहीत 1583 साली फराहबाग महाल पुरा झाला, आपण ज्याला फऱ्याबाग म्हणतो तो. भल्यामोठ्या तळ्याच्या मधोमध अष्टकोनी इमारत. पाणी भोवताली, माणसं आत. म्हणजे सुलतान टाकीत बसलेला आणि मासे बाहेरून बघताहेत, असा उलटा फिशटँक! आज ते तळं कोरडं आहे. ना शेवाळ, ना वास. पाण्याचा प्रश्न सोडवायची ही खास आपली पद्धत. पाणीच संपवून टाकायचं.

घरोघरी मासे आणणारे आमच्या पिढीत नव्हते. आम्ही शाळेच्या सहलीला मुंबईला जायचो आणि मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावायचो. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं ते. परत येताना मास्तर विचारायचे, काय पाहिलं? आम्ही सांगायचो, समुद्र आणि मासे. नगरच्या पोराला दोन्ही सारखेच अद्भुत. आता तेच अद्भुत चौदा हजारांच्या टीव्हीशेजारी येऊन बसलंय, आणि ते कुठं बसवायचं हे वास्तुवाले सांगतात. ईशान्येला ठेवा, उत्तरेला ठेवा. चीनच्या फेंगशुईला आपण वास्तुशास्त्राची मावसबहीण करून घेतलंय, तेव्हा आठ सोनेरी मासे आणि एक काळा. फ्लॉवरहॉर्न नावाचा मलेशियात जुळवून केलेला मासा आहे, त्याच्या कपाळावर टेंगूळ असतं. टेंगूळ जेवढं मोठं तेवढं नशीब मोठं! माणसाच्या कपाळाला टेंगूळ आलं तर आपण बायकोला विचारतो काय झालं. माशाला आलं तर किंमत वाढते.

आणि मासा मेला तर? रडायचं नाही. "घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं." ह्या हिशेबानं माझ्या ओळखीच्या एका घरावरची सहा महिन्यांत सत्तेचाळीस संकटं टळली. मी मनात म्हटलं, पानिपतच्या वाटेवर ह्या बाईंना एक टाकी घेऊन पाठवायला हवं होतं. दर आठवड्याला दुकानातून नव्या माशांची पिशवी येते, दर आठवड्याला संकट टळतं. संकट त्या टाकीतच आहे हे सांगायचं कुणी?

सगळ्यांत खमंग बातमी तर पुढेच आहे. जवळ या, हळू सांगते. दुकानात 'शार्क' म्हणून जो चंदेरी, काळ्या पट्ट्याचा, चपळ मासा पोरांना घेऊन देतात ना, तो शार्क नव्हेच. तो पंगस. त्याचंच मांस हॉटेलात 'बासा' म्हणून येतं. पलीकडच्या टेबलावर फिश फिंगर होऊन येतो तोच! घरी ज्याचं नाव ठेवून लाड करायचे, त्याच्याच भावंडांवर हॉटेलात लिंबू पिळायचं. बरं, तो वाढतो किती? मीटरभर. दोन फुटी टाकीत मीटरभर मासा कसा मावायचा? आजींना मत्स्यावतार आठवतो, पण त्या गोष्टीतली खरी गोम आठवत नाही. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत इवला मासा येतो. मनू त्याला कुंभात ठेवतो. तो वाढतो, मग खड्ड्यात ठेवतो. तिथंही मावेना, तेव्हा समुद्रात नेऊन सोडतो. टाकी लहान पडली तर मोठी करावी लागते, हे मनूला कळलं. आपल्याला दुकानदारानं सांगितलेलं कळतं, "टाकीच्या मापानंच वाढतो हो, काळजी नको." मापात राहतो तो खुरटून, आणि मरतोही लवकर.

असो. मी वासावर होते. नाक हा माझा अधिकाराचा प्रांत.

त्या माळकरी घरी मी नंतर तीन वेळा साखर मागायला गेले आणि सगळा उलगडा केला. आधी खाण्याचं बघा. सकाळी आजोबा पूजा झाली की चिमूटभर दाणे टाकतात. सून ऑफिसला जाताना टाकते. शाळेतून आलेला नातू टाकतो. संध्याकाळी मुलगा टाकतो. रात्री आजी झोपायच्या आधी "लेकरं उपाशी झोपली नसतील ना" म्हणून टाकतात. कुणालाच माहीत नाही की दुसऱ्यानं टाकलंय. पाच माणसं, पाच वेळा, नऊ गोल्डफिश. आणि गोल्डफिशला तर जठरच नसतं हो! आत गेलं की सरळ आतड्यात, तिथून सरळ बाहेर. कितीही टाका, तो खातोच, आणि कितीही खाल्लं तरी तोंड उघडून वर येतो. ह्यांना वाटतं भूक लागली. खरं तर पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो आणि बिचारा श्वासासाठी तोंड उघडतो. हे आणखी दाणे टाकतात. गुदमरणाऱ्याला लाडू भरवावा तसं!

न खाल्लेले दाणे तळाच्या खड्यांत जाऊन कुजतात. माशाच्या विष्ठेतून आणि त्याहून जास्त त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. पाणी जितकं गरम आणि जितकं क्षाराचं, तितका तो अमोनिया जहाल. नगरचा उन्हाळा आणि बोअरचं जड पाणी, म्हणजे दोन्ही बाजूंनी माशाच्या नरडीला नख. नियम एवढासा आहे. दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि एकाच माणसानं. आठवड्यातून एक दिवस उपास घातला तर मासे आशीर्वाद देतात. मी हे सांगितल्यावर आजी खूश. "आमच्याकडे एकादशी असतेच, तेही करतील." पुढच्या एकादशीला गेले, तर टाकीत साबुदाणा! उपासाचं चालतं म्हणून. एकादशी, दुप्पट खाशी. माळकऱ्याच्या घरचे मासे ना शेवटी!

आता दुसरं पातक, आणि हे ऐकून तुम्ही मलाच वेडी म्हणाल. स्वच्छता! वास आला की घरातल्या बायकांचा हात कुठं जातो? घासणीकडे. सुनेनं रविवारी सगळे मासे बादलीत काढले, टाकी न्हाणीत नेली, काच भांड्याच्या साबणानं घासली, खडे गरम पाण्यानं धुतले, फिल्टरचा काळा झालेला स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. टाकी अशी लखलखीत की दिवाळीच आली. आणि तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा दुधाळ, आठव्या दिवशी चार मासे उलटे.

का? नगरच्या माणसाला हे नगरच्या भाषेतच सांगायला हवं. आपला जिल्हा सहकाराचा. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून आपण सगळं संस्थेच्या हिशेबात बोलतो. तर टाकीतही एक सहकारी संस्था असते. तिचे सभासद डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. नायट्रोसोमोनास नावाचे एक जण अमोनिया उचलतात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग नायट्रोस्पायरासारखे दुसरे ते उचलून नायट्रेट करतात. ते मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी. ऊस शेतकऱ्याकडून येतो, कारखाना साखर करतो, तशी ही साखळी. हे सभासद पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून बसतात. म्हणजे काचेवरची ती पातळशी बुळबुळ, जिला आपण 'शी!' म्हणतो, तिच्यातच सगळी कामकरी मंडळी नांदत असते. ती संस्था उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण रविवारी सकाळी स्पंज पिळून काय करतो? संचालक मंडळ बरखास्त! प्रशासक म्हणून भांड्याचा साबण! मग कारखाना बंद, ऊस तसाच पडून, आणि वास... मळीचा वास ज्यानं नाकानं घेतलाय त्याला मी वेगळं काय सांगू?

त्या दुधाळ पाण्याचंही तेच. संस्था मोडली की मोकळ्या मैदानात भलतेच जिवाणू कुजक्या दाण्यांवर वाढतात, पाणी ताकासारखं होतं. आपण घाबरून पुन्हा धुतो, ते पुन्हा वाढतात. खरं तर दाणे बंद करून, हवेचं मशीन चालू ठेवून गप्प बसलं तर काही दिवसांत ते आपणच निवळतं. पण गप्प बसायचं? आपल्या गावात?

गप्प नाही बसलं, तर सल्ले मिळतात. एका मामांनी तुरटी फिरवायला सांगितली. एकानं गंगाजल. एका जावयानं, नाव विचारू नका, फरशीचं फिनेल दोन थेंब सुचवलं, "वासच जाईल ना!" वास गेला असता, मासेही गेले असते, कदाचित जावईही. दुकानातून निळं औषध आणलं. दोन थेंबांच्या जागी अर्धी बाटली ओतली. पाणी शाईसारखं, प्लास्टिकची झाडं निळी, सिलिकॉनचे सांधे निळे, आजींच्या पदराला निळा डाग. ते निळं औषध माशाच्या आजारावरचं. बुळबुळीवर त्याचा काही उपयोग नाही, उलट उरलेसुरले सभासद तेच मारतं.

बुळबुळ सगळी एका जातीची नसते हेही ऐकून ठेवा. जिन्यात उभं राहून ओळखता आलं पाहिजे. नव्या टाकीत तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसते ती डायटमची, पोरकट. बोटानं पुसली जाते आणि टाकी जुनी झाली की आपोआप ओसरते. नव्या लाकडावर पांढरा कापूस चढतो, तोही पाहुणा. हिरवं पाणी आणि हिरवी काच दिसली तर उन्हाला विचारा. वास्तुवाल्यांनी ईशान्येला बसवलेली टाकी पूर्वेच्या खिडकीत येते, सकाळची उन्हं थेट आत, आणि रात्री अकरापर्यंत वरून निळा दिवा. शेवाळाला ह्याहून चांगलं शेत कुठं मिळणार? दिवा सहा ते आठ तास पुरे. मासे काही अभ्यासाला बसलेले नसतात.

खरा बदमाश निळा-हिरवा. खड्यांवर मखमलीसारखा पसरतो, बोट लावलं की सबंध पापुद्रा निघून येतो, आणि दोन दिवसांत पुन्हा हजर. त्याला शेवाळ म्हणतात खरं, पण तो सूक्ष्म जिवाणूच, सायनोबॅक्टेरिया. त्याचेच काही भाऊबंद भातखाचरात हवेतला नत्र धरून देतात, म्हणून शेतीखातं त्यांना डोक्यावर घेतं. अकोले तालुक्यातल्या भाताला विचारा. शेतात पुण्यवान, दिवाणखान्यात पापी. त्याच्यावर उपाय म्हणजे पापुद्रे नळीनं ओढून काढायचे, दिवा कमी करायचा, पाणी खेळतं ठेवायचं आणि दाण्यांचा हात आखडायचा.

त्यावर लोक काय करतात? 'टाकी साफ करणारा मासा' आणतात. सकर. काचेला तोंड लावून चिकटतो म्हणून आपल्याला वाटतं मोलकरीण मिळाली. तो निळं-हिरवं फारसं तोंडात घेत नाही, स्वतः मात्र ढीगभर घाण करतो आणि फूटभर वाढतो. मग एक दिवस त्याला पिशवीत घालून नदीत सोडून येतात, "जीव वाचवला" म्हणून हात जोडतात. आपल्या कर्जत तालुक्याला टेकलेल्या उजनीच्या जलाशयात हा सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला तो असाच. काटेरी अंगानं जाळी फाडतो, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. दिवाणखान्यातलं लफडं कुठवर जातं बघा, थेट धरणापर्यंत!

मासेच सोडायचे तर निदान गप्पी सोडा. कॅरेबियन बेटांवरच्या त्रिनिदादहून लेचमेर गप्पी नावाच्या गृहस्थांनी नमुने लंडनला धाडले आणि 1866 साली त्यांच्या नावावरून त्या इवल्या माशाला नाव पडलं. आज आपला हिवताप विभाग तेच गप्पी डासांच्या अळ्या खायला पाण्याच्या साठ्यांत सोडतो. तेही बांधलेल्या हौदात, नदीत नव्हे. मला हा मासा आवडतो. नावातच गप्पा आहेत, आणि गावाच्या उपयोगी पडतो. माझ्यासारखाच.

आणि त्या सडक्या अंड्याचं काय झालं? ते खड्यांत सापडलं. सौंदर्य म्हणून ह्यांनी चार-पाच इंच रंगीत बारीक खडी आणि वाळू अंथरलेली. खाली हवा पोचत नाही, वरून दाणे झिरपत राहतात. तिथं बिनहवेचे जिवाणू बसतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. अंडं सडतं तेव्हा निघतो तोच वायू. खडे हलवले की काळं डबकं आणि भस्सकन बुडबुडा. माशाला तो विषच. उपाय म्हणजे खडीचा थर इंच-दीड इंच, आणि पाणी काढताना नळीचं तोंड खड्यांत खुपसून थोडा थोडा भाग साफ करायचा, एका दिवसात सगळा नाही. जावयांनी हौसेनं नळी तोंडानं ओढली, ट्रॅक्टरचं डिझेल काढतात तशी, आणि घोटभर पाणी गिळलं. मग घरात नवाच पेच पडला. माळकऱ्यानं माशाचं पाणी प्यायलं तर माळ राहते का? आजोबांनी निवाडा दिला, "चंद्रभागेत काय मासे नसतात?"

आता पाण्याचा हिशेब, कारण ह्यावरून जिन्यात जवळजवळ मारामारी झाली. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात माशांची चैन? धरण मुळा नदीचं, जलाशयाचं नाव ज्ञानेश्वर सागर, आणि त्यातलं पाणी चैनीच्या काचेत? तळमजल्यावरच्या काकूंचा आवाज असा चढला की चौथ्या मजल्यावर कुकरची शिट्टी ऐकू येईना. तेव्हा मी कागद काढला. दोन फुटी टाकीत पन्नास-पंचावन्न लिटर पाणी. आठवड्याला पाव हिस्सा बदलायचा, म्हणजे बारा-तेरा लिटर. एक बादली! काकूंचे चिरंजीव गाडी धुताना नळी सोडून मित्राशी फोनवर बोलतात, त्यात तीन टाक्या भरतात. आणि ती काढलेली बादली फेकायची नसते. त्यात आपल्या संस्थेनं तयार केलेलं नायट्रेट असतं, म्हणजे फुकटचं पातळ खत. स्पंज पिळायचा असेल तर ह्याच काढलेल्या पाण्यात, हलक्या हातानं, नळाखाली कधीच नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारायलाच असतं ना! म्हणून नवं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून उघडं ठेवायचं, नाहीतर दुकानातलं अँटी-क्लोरीन घालायचं. आणि काढलेली बादली कढीपत्त्याला, तुळशीला. हिवरे बाजारात अख्खं गाव पावसाचा थेंब मोजून पिकांचा ताळेबंद मांडतं. आपण एका बादलीचा मांडला तर काय बिघडलं?

सांगायचा मुद्दा काय, की मी त्या घराची बदनामी करत नाहीये. त्यांनी वाईट केलंच काय? खाऊ घातलं आणि घासलं. मराठी बाईला लहानपणापासून दोनच गोष्टी शिकवतात. आलेल्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, आणि घर लख्ख ठेवायचं. हे दोन सद्गुण टाकीत उतरले की त्यांचा वास येतो. वास माशाचा नसतो, घरच्या मायेचा असतो. जरा जास्त झालेल्या मायेचा.

आता दाणे फक्त नातू टाकतो, भिंतीवर खडूनं खूण करून. खडी निम्मी काढली. टाकी पूर्वेच्या खिडकीतून उठून कपाटाशेजारी गेली. वास्तुवाल्यांना कळवलं नाही. पाणी निवळलं, नऊपैकी पाच मासे उरले आणि ते दिसूही लागले. काचेच्या मागच्या बाजूला थोडी बुळबुळ आहे, ती आजी आता पुसू देत नाहीत. "संस्था आहे ती," म्हणतात.

मग तुमची चर्चा संपली, म्हणाल. संपली असती हो, पण...

बरं, हेही सांगून टाकते. मागच्या महिन्यात मीही एक टाकी आणली. दोन फुटी, गप्पींची. नुसती चौकशी करता करता आवड लागली. आणि मला सगळं माहीत असल्यामुळे मी काहीच नीट केलं नाही. कोपऱ्यात निळी-हिरवी मखमल आलीच. तिच्यापायी निघालेला वास मात्र ना मासळीचा, ना अंड्याचा. ओल्या मातीचा! ह्या वासाच्या द्रव्याला जिओस्मिन म्हणतात. 1965 साली त्याला हे नाव मिळालं. मातीतले जिवाणूही तेच करतात, आणि पहिल्या पावसात आपण ज्या मृद्गंधासाठी खिडकीत उभे राहतो, त्यातही तेच असतं. कनौजला मातीचं अत्तर गाळतात, लोक पैसे मोजून घेतात. माझ्याकडे फुकट दरवळतंय.

परवा तळमजल्यावरच्या काकू आल्या. हातात रिकामी वाटी. साखर हवी होती म्हणाल्या. त्यांच्याही घरी पाच किलो असणार, मला काय कळत नाही? दारातच थबकल्या, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. बाहेर कडकडीत ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही.

"काय छान वास येतोय गं! पाऊस पडला का कुठं?"

मी टाकीसमोर पदर पसरून उभी राहिले आणि म्हणाले, "हो ना काकू. हरिश्चंद्रगडाकडे झाला म्हणे. मुळेच्या पाणलोटात."

त्यांनी ती बातमी आतापर्यंत चारही मजल्यांवर पोचवली असेल.